मेस्मरचा अदृश्य प्रवाह

फ्रान्झ अँटोन मेस्मर १७३४ साली कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या इझ्नांग गावी जन्मला व १७६६ साली व्हिएन्नात वैद्य झाला. ग्रहांचा मानवी देहावर होणारा परिणाम हा त्याच्या प्रबंधाचा विषय. पत्रिका पाहणाऱ्या आपणांस तो परका वाटू नये.

१७७४ साली मॅक्सिमिलियन हेल या ज्योतिर्विद पाद्र्याने घडविलेली लोहचुंबके मेस्मरने एका रुग्ण स्त्रीस लावली. तिला आराम पडला आणि वाद माजला. हेलच्या मते गुण चुंबकाच्या आकाराचा. मेस्मरच्या मते सर्व विश्वात भरलेल्या सूक्ष्म प्रवाहाचा.

१७७८ साली तो पॅरिसला आला. तेथे ओकच्या लाकडाचे एक मोठे पिंप असे. त्यातून निघालेल्या वाकड्या लोखंडी सळ्या दुखऱ्या भागास लावून रुग्ण भोवती बसत. कोणास झटके येत, कोणी रडे. पुष्कळांस बरेही वाटे. हे बरे वाटणे खोटे नव्हते, हे विसरू नये.

१७८४ साली राजाने चौकशी नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मर स्वतः दूर राहिला. त्याचा शिष्य देस्लों याने फ्रँकलिनच्या बागेतील एक झाड भारले. डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलास झाडाझाडापाशी नेले. तो मूर्च्छित पडला तो भलत्याच, न भारलेल्या झाडाखाली! प्रवाह नाही, परिणाम कल्पनेचा, असा निर्णय झाला. ती कल्पना देहावर एवढी सत्ता कशी चालविते, हा प्रश्न मात्र पंचांनी फारसा उकलला नाही.

मेस्मर १८१५ साली मेर्सबुर्ग येथे वारला. त्याची रीत मात्र उरली. १८४५ साली बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टराने तिच्याच साह्याने रुग्णांस गुंगीत ठेवून शस्त्रक्रिया केल्या.