नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखले जातात. त्यांच्या धर्मप्रसाराचा अभ्यास बहुधा भजने, अभंग आणि 'ख्रिस्तायन' यांच्या अंगाने होतो. घरातल्या आणि आसपासच्या मुलांशी त्यांचे जे नाते होते, त्याकडे मात्र स्वतंत्रपणे फारसे पाहिले जात नाही. वास्तविक त्यांची धर्मविषयक भूमिका तेथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

== पूर्वायुष्य ==

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करड्या स्वभावाचे होते. आई जानकीबाई भक्तिमार्गी होत्या आणि कवितेची ओढ मुलाला त्यांच्याकडूनच मिळाली. आईच्या मृत्यूनंतर टिळक लहान वयातच घराबाहेर पडून नाशिकला आले व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या. टिळकांच्या तारुण्याची वर्षे कधी शिक्षकी, कधी कीर्तन, कधी नुसतीच भटकंती अशी अस्थिरतेत गेली. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत धर्मवाङ्मयाचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे मासिक चालवले.

== धर्मांतर ==

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका पाश्चात्त्य मिशनऱ्याशी गाठ पडली. संभाषण संस्कृत काव्यावरून सुरू होऊन धर्मावर आले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली. हे गृहस्थ फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असावेत, असे मानले जाते. या मिशनचे काम पुढे वऱ्हाडात, विशेषतः यवतमाळ भागात, रुजले. ग्रंथ वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी भारतीय पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचा घाव सर्वांत आधी घरावर बसला. लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू (देवदत्त) नातेवाइकांच्या आश्रयाला राहिले. पती-पत्नींची ताटातूट सुमारे पाच वर्षे टिकली. त्या काळात मुलाचा धर्म हा प्रश्न केवळ कौटुंबिक नव्हता. महाराष्ट्रात त्याला अर्धशतकाचा इतिहास होता. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या हवाली केले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्राह्मण समाजात मोठी फूट पडली आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या बाळशास्त्री जांभेकरांना रोष पत्करावा लागला. मिशनच्या शाळेत पाठवलेले मूल आपल्याला दुरावेल ही धास्ती तेव्हापासून घरोघरी मुरली होती. टिळकांच्या सासरी तीच होती, आणि ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. टिळकांनी मुलाला आईपासून ओढून घेतले नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई आपण होऊन अहमदनगरला आल्या. आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे काही काळ पाळले. ते टिळकांच्या उपदेशाने सुटले नाही, तर लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने सुटले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

== मुलांमधील कार्य ==

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र होते. १८३१ पासून तेथे मिशनचे काम चालू होते, आणि सिंथिया फरार यांच्या तेथील मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. टिळक तेथील धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात शिकवू लागले व १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आसपासच्या गावांतील ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेली होती. त्यांच्या मुलांबरोबर एका पंक्तीला बसणे ही त्या काळच्या चित्पावन गृहस्थाच्या दृष्टीने बाप्तिस्म्याइतकीच मोठी उडी होती.

मुलांना धर्म शिकवण्याची रूढ पद्धत शब्बाथ शाळेची होती. प्रश्नोत्तरे पाठ करून घ्यायची आणि पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते म्हणायची. या गीतांत मराठी शब्दांचे आघात परक्या चालीत कोंबलेले असत. ऱ्हस्वाचे दीर्घ होई आणि दीर्घाचे ऱ्हस्व. मूल शब्द म्हणे, पण ते त्याच्या जिभेवर बसत नसत. टिळकांनी या जागी अभंग, ओवी आणि भजन आणले. चरण छोटे, ध्रुपद पुन्हा पुन्हा येणारे, ठेका टाळीने किंवा टाळांनी धरता येणारा. ज्या घरात कोणालाच अक्षरओळख नव्हती, त्या घरातील मुलालाही असे गीत पुस्तकाविना येई. ते संध्याकाळी अंगणात म्हटले की आई ऐके, आजी ऐके, शेजारीही ऐकत. धर्मप्रसाराचे साधन म्हणून मुलाच्या तोंडचे गाणे उपदेशकाच्या व्याख्यानापेक्षा दूर पोहोचते, हे टिळकांना कीर्तनाच्या अनुभवावरून ठाऊक असावे. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा नगरच्या मिशनमध्ये त्यांच्या आधीच सुरू झाली होती. टिळकांनी तिला कवीची भाषा दिली.

या भाषेत आशयही बदलला. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या परंपरेतील माउलीची प्रतिमा त्यांनी येशूला लावली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. मुलाला देव समजावताना न्यायासनावर बसलेल्या राजापेक्षा लेकराला कडेवर घेणारी आई सोपी पडते, ही साधी गोष्ट त्यामागे होतीच. पण त्याहून महत्त्वाचे हे की, शेजारच्या वारकरी घरातील मुलाला आपल्या आजीचा देव टाकून न देता ही कविता ऐकता येत होती. मिशनमधील काहींना हे फार जवळचे नाते वाटले असल्यास नवल नाही.

टिळकांचे घर हेच त्यांच्या कामाचे मुख्य ठिकाण होते. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात नगर भागात असंख्य मुले निराधार झाली. मिशनने अनाथालये व वसतिगृहे उघडली. टिळकांनी मुले घरीच आणली. घरात स्वतःच्या मुलांखेरीज अनाथ, गरीब विद्यार्थी आणि कोठून तरी आलेली पोरे असत. पदरी पैसा नसताना ती आणण्याचे काम टिळकांचे आणि त्यांच्या पोटात रोज भाकरी घालण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. 'स्मृतिचित्रे' वाचताना या विभागणीतील अन्याय वाचकाला हसता हसता जाणवतो. टिळकांच्या औदार्याचे श्रेय देताना त्याची किंमत मोजणाऱ्या बाईंचे नाव सोबत घेणे आवश्यक आहे.

'बालबोधमेवा' हे मिशनचे मुलांचे मासिक होते. मुलांसाठी लिहिताना टिळक फूल, पाखरू, ओढा यांच्याकडून सुरुवात करीत. उपदेश असला तरी तो शेवटी येई आणि पुष्कळदा येतही नसे. या मासिकाची परंपरा पुढे देवदत्त टिळक यांनी चालवली.

== बालकवी ==

मुलांच्या श्रद्धेबाबत टिळकांची भूमिका कोणती होती, याचे सर्वांत चांगले उत्तर बालकवी ठोमरे यांच्या उदाहरणात मिळते. १९०७ मध्ये जळगाव येथे डॉ. का. र. कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले होते. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या कवितेने सर्वांना थक्क केले. टिळक त्याला नगरला आपल्या घरी घेऊन आले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. पाळकाच्या घरात, रोजच्या प्रार्थनेच्या आवाजात राहूनही ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्या घरातील त्यांचे स्थान कमी झाले नाही. मिशनच्या हिशेबात अशी नोंद यशाची ठरत नसेल. टिळकांनी मात्र ती अपयशाची मानल्याचे कोठे दिसत नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. त्यानंतर जेमतेम वर्षभराने टिळकही गेले.

== अखेरची वर्षे ==

१९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले व तेथे त्यांनी देवाचा दरबार स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्या शिष्यांनाही प्रवेश होता. पाश्चात्त्य संस्थेच्या कुंपणाबाहेर येशूचे अनुयायी असू शकतात, हा त्यांचा विचार या दरबारात प्रत्यक्षात यायचा होता, परंतु त्यांना वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

== वारसा ==

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत आणि ती आजही शब्बाथ शाळांत व नाताळात गायली जातात. चर्चच्या बाहेर त्यांची ओळख प्रामुख्याने शालेय क्रमिक पुस्तकांतून झाली. शिकाऱ्याच्या घावाने मरणाऱ्या आणि त्या वेळी पिलांची काळजी करणाऱ्या पक्षिणीवरील 'केवढे हे क्रौर्य' ही कविता मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केली. तिचा कवी ख्रिस्ती पाळक होता, हे त्यांतील पुष्कळांच्या कानावरही आलेले नसते.