रविवार फुकटात नाही मिळाला!

रविवारी अलार्म बंद करून पुन्हा झोपता ना? आणि तुमच्यापैकी जे दिवाळीच्या सेलला एखाद्या मॉलमध्ये पार्ट टाइम उभे राहतात, त्यांना सुट्टी मागताना मॅनेजरचा चेहरा कसा होतो तेही आठवत असेल. दोघांनाही एक नाव माहीत हवं : नारायण मेघाजी लोखंडे.

जन्म १८४८ चा. रेल्वे, पोस्ट अशा नोकऱ्या करत लोखंडे मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीत दिवस उजाडला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात म्हणजे १३-१४ तास! आठवड्याची हक्काची सुट्टी नाहीच. मग घरच्यांसोबत बसायचं कधी? लोखंडे स्वतः मशीनवर नव्हते. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण महात्मा फुल्यांचा हा सत्यशोधक सहकारी गप्प बसणारा नव्हता. १८८० मध्ये त्यांनी 'दीनबंधू' हे वृत्तपत्र हाती घेतलं आणि कामगारांचं दुखणं छापायला लागले.

१८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. निवेदनावर सुमारे ५,५०० सह्या झाल्या. मागण्या बघा किती साध्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. मालकांनी दाद दिली नाही. लोखंडेंनीही पिच्छा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगार जमले. दोन महिला कामगारही त्या सभेत बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

१८९७ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. लोखंडे रुग्णांसाठी धावपळ करत राहिले आणि ९ फेब्रुवारीला प्लेगनेच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

आता आजचं बघा. २०१७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी राहू शकतात; कामगाराला मात्र आठवड्यातून एक सुट्टी द्यावीच लागते. सणाच्या चार दिवसांत दुकानदाराची मोठी कमाई होते, हेही खरं. पण ही सुट्टी कुणाला मंगळवारी, कुणाला गुरुवारी. आई काउंटरवर, मुलगी कॉलेजात, बाबा कंपनीत. सुट्टी प्रत्येकाला आहे, पण एकत्र जेवायला कुणीच नाही. लोखंडेंनी मागितलेला दिवस सगळ्यांचा एकच होता, त्याची किंमत इथे कळते.

दुकानं बंद करा, असं कुणी म्हणत नाही. पण लक्ष्मीपूजनाची ड्युटी दरवर्षी त्याच मुलीला का? पाळी तरी लावता येईल. आणि आपली खरेदी दोन दिवस आधी उरकता येईल. संध्याकाळी काउंटरपलीकडच्या मुलीलाही घरी दिवे लावायचे असतात, एवढं लक्षात ठेवा.