डब्यातल्या अननसाचा बादशहा

केकवरची अननसाची गोल चकती तुम्ही खाल्लीच असेल. ती डब्यात भरून घराघरात नेणारा माणूस म्हणजे जेम्स डोल. बॉस्टनचा हा पोरगा हार्वर्डमधून शेती शिकून १८९९ मध्ये हवाई बेटांवर पोचला, तेव्हा वय होतं फक्त २२!

हवाईचा अननस गोड, पण बोटीनं अमेरिकेला जाईपर्यंत नासायचा. डोलनं ठरवलं, पिकतो तिथंच डबाबंद करायचा. १९०१ मध्ये कंपनी काढली. १९०३ च्या पहिल्या हंगामात भरली जेमतेम १,८९३ खोकी. अडचण सोलण्याची होती. सगळं काम हातानं. मग १९११ मध्ये त्यानं हेन्री जिनाका या इंजिनिअरला कामावर घेतलं. त्याचं यंत्र मिनिटाला डझनावारी अननस सोलून, मधला दांडा काढून द्यायचं. धंदा असा फोफावला, की १९२२ मध्ये डोलनं जवळपास अख्खं लानाई बेट विकत घेतलं! शेतात राबायला होते जपान, फिलिपिन्समधून आलेले मजूर.

मग मंदी आली. डबे पडून राहिले आणि १९३२ मध्ये कंपनीची सूत्रं त्याच्या हातून गेली. १९५८ मध्ये तो वारला. पुढे स्वस्त मजुरीमागे हा धंदाही फिलिपिन्स, थायलंडकडे सरकला. लानाईची शेती बंद पडली.

डब्यावर डोलचं नाव मात्र आजही आहे. पुढच्या वेळी डबा घ्याल, तेव्हा तो कुठं भरलाय तेवढं वाचा. फळाला कुठंही नेणारा डबा कारखान्यालाही कुठंही नेतो.