रँग्लर परांजपे : वर्गातून वकिलातीपर्यंत

आपल्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असे मंडळातील भगिनींनी सुचविले. स्त्रीशिक्षणाला ज्यांचा हातभार लागला आणि परदेशी आपल्या देशाची वकिली करण्याचा मान ज्यांना मिळाला, त्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची ही थोडक्यात ओळख.

रघुनाथरावांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुर्डी या लहानशा गावी झाला. महर्षी अण्णासाहेब कर्वे हे त्यांचे आप्त आणि गुरूही. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मुंबईस व पुण्यास शिक्षण झाले. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळून ते केंब्रिजला गेले. तेथील गणिताच्या परीक्षेत वरच्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत व त्यांतील पहिल्याला सीनियर रँग्लर. १८९९ साली हा पहिला मान एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर रघुनाथरावांनी मिळविला. हा मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ. कोकणातल्या खेड्यातील मुलाने हे करून दाखविल्याचे सर्वांना मोठे कौतुक वाटले.

एवढ्या लौकिकानंतर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्यांना सहज मिळाली असती. परंतु ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात दरमहा ७५ रुपयांवर शिकवू लागले. १९०२ मध्ये ते प्राचार्य झाले. त्यांची शिस्त कडक होती. १९०५ साली परदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल विनायकराव सावरकरांना त्यांनी १० रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. ते नेमस्त विचारांचे होते व आपली मते लोकप्रियतेसाठी बदलणारे नव्हते. देवधर्माविषयीची आपली परखड मतेही त्यांनी कधी झाकून ठेवली नाहीत.

१९१६ साली अण्णासाहेबांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यावयाचे, ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटे. अशा वेळी रँग्लर परांजपे त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. घरीही त्यांनी तेच केले. कन्या शकुंतलाबाईंना त्यांनी केंब्रिजला गणित शिकविले. पुढे शकुंतलाबाईंनी संततिनियमनाच्या प्रचाराचे मोठे कार्य केले.

१९२१ मध्ये परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. नंतर लंडनमध्ये इंडिया कौन्सिलचे सभासद आणि लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू म्हणूनही त्यांनी काम पाहिले. १९४४ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियातील हिंदुस्थानचे पहिले हायकमिशनर म्हणून त्यांची नेमणूक झाली. हायकमिशनर म्हणजे राष्ट्रकुलातील एका देशाने दुसऱ्या देशाकडे पाठविलेला वकीलच. कन्या व लहानगी नात सई यांच्यासह ते कॅनबेरा येथे राहिले.

हे काम वरून दिसते तितके सुखाचे नव्हते. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता. त्यांची नेमणूकही इंग्रज सरकारचीच. शिवाय १९०१ च्या कायद्याने ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांखेरीज इतरांना आपले दार बंद केले होते. नको असलेल्या माणसाला एखाद्या युरोपीय भाषेत मजकूर लिहावयास सांगत आणि नापास ठरवून परत पाठवीत. ज्या देशात आपल्या बांधवांना वसण्यास मज्जाव, तेथेच त्यांची बाजू मांडावयाची, असे हे काम होते. १९४७ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. ती भाषेची परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली आणि वर्णभेदाचे ते धोरण १९७३ मध्ये पुरते संपले. दार एका दिवसात उघडत नाही. पण ते ठोठावणारा कोणीतरी आधी जावा लागतो.

परत आल्यावर १९५६ ते १९५९ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ६ मे १९६६ रोजी ते निवर्तले.

भगिनींनो, मुर्डी काही आपल्या कन्हेरीहून मोठे गाव नव्हे. आपल्या घरातील मुलगी गणितात हुशार निघाली, तर चुलीपुढे बसण्याची वेळ झाली म्हणून तिची वही मिटू नये, एवढे जरी आपण पाहिले, तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.