कसाऱ्याला गाडीला मागून इंजिन का लावतात? गोष्ट जेम्स बर्कलीची

आमचं गाव वालूर, स्टेशन सेलू. मुंबईहून रात्रीच्या देवगिरीनं निघालं की कसाऱ्याला गाडी थांबते आणि थोड्या वेळानं मागून एक धक्का बसतो. लहानपणी मला वाटायचं, डबे जोडतायत. खरं तर ती इंजिनं असतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात आणि इगतपुरीला ती सुटतात.

हा सगळा खटाटोप 1:37 या आकड्यापायी. म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की 1 मीटर वर. पायी चालताना हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक लगेच घसरतं. शिवाय सगळा जोर पुढूनच लावला तर अख्ख्या गाडीचा ताण पहिल्या कपलिंगवर येतो. म्हणून अर्धा भार मागून उचलायचा.

हा चढ ज्यानं ठरवला तो जेम्स जॉन बर्कली. जन्म 1819, लंडन. विशीत तो रॉबर्ट स्टीफनसनच्या हाताखाली लागला. रेल्वे शिकायला त्या काळी याहून मोठा गुरू नव्हता. 1849 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजानं, त्याला मुख्य अभियंता नेमलं. वय फक्त 30. माझ्या वयाच्या आसपासच! पुढच्या वर्षी तो मुंबईत उतरला.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. मला विचाराल तर ती सोपी पायरी होती, कारण ठाण्यापर्यंत जमीन सपाट आहे. पुढे सह्याद्री उभा होता. पुण्याकडे जायला भोर घाट, नाशिककडे जायला थळ घाट, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो. बर्कलीच्या लोकांनी डोंगर पायी तुडवून एकामागून एक वाटा मोजल्या. चढ कमी ठेवला तर लांबी आणि बोगदे वाढणार, चढ वाढवला तर इंजिन दमणार. शेवटी दोन्ही घाटांत 1:37 ठरला. कड्यावर वळायलाच जागा नव्हती, तिथे त्यानं ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ काढलं. गाडी एका टोकाला न्यायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेनं वर चढायचं.

भोर घाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. 1858 मध्ये खंडाळा–पुणे गाडी सुरूही झाली, पण मधला घाट लोक पालखीनं नाहीतर पायी पार करायचे. मूळच्या ठेकेदाराकडे मजुरांची मजुरी थकली, 1859 मध्ये दंगल झाली आणि त्यानं काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारला. मग त्याची बायको ॲलिसनं ठेका पुढे चालवला. (हिच्यावर वेगळा लेख हवा.) 1861 मध्ये घाटात 40 हजारांवर मजूर होते. कॉलरानं आणि सुरुंगांच्या अपघातांत किती गेले, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

बर्कलीची तब्येतही ढासळली. 1861 मध्ये तो मायदेशी परतला आणि ऑगस्ट 1862 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी गेला. भोर घाट 1863 मध्ये सुरू झाला, थळ घाट 1865 मध्ये. दोन्हींतून गाडी जाताना त्यानं पाहिली नाही.

नंतर अपग्रेड होत गेले. 1929 मध्ये भोर घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. वाफेची इंजिनं जाऊन वीज आली, आधी 1500 व्होल्ट डीसी, आता 25 हजार व्होल्ट एसी. चढ मात्र तोच राहिला. वंदे भारतमध्ये बऱ्याच डब्यांखाली मोटारी असतात, जोर गाडीभर वाटला जातो, त्यामुळे 2023 च्या अखेरीस मुंबई–जालना म्हणून सुरू झालेली वंदे भारत बँकरशिवायच घाट चढते. आमच्या देवगिरीला अजून तो मागचा धक्का लागतो. पुढच्या वेळी कसाऱ्याला जागे असाल तर मोबाईल बाजूला ठेवून ऐका.