प्येर कोर्नेय

प्येर कोर्नेय (जन्म : ६ जून १६०६, रूआं, मृत्यू : १ ऑक्टोबर १६८४, पॅरिस) हे सतराव्या शतकातील श्रेष्ठ फ्रेंच नाटककार होते. फ्रेंच शोकात्मिकेचा पाया त्यांनी घातला असे मानले जाते.

जीवन

कोर्नेय यांचे शिक्षण रूआं येथील जेझुइट विद्यालयात झाले. पुढे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व वडिलांनी विकत घेऊन दिलेली दोन सरकारी वकिलीची पदे १६५० पर्यंत सांभाळली. ‘मेलीत’ ही त्यांची पहिली सुखात्मिका मोंदोरी या नटाच्या मंडळीने पॅरिसमध्ये रंगभूमीवर आणली. १६३५ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री कार्डिनल रिशेल्यू यांनी आपल्या कल्पनांवरून नाटके लिहून घेण्यासाठी नेमलेल्या पाच लेखकांत त्यांचा समावेश होता. मात्र ही चाकरी त्यांना फार काळ मानवली नाही.

‘ल सीद’चा वाद

जानेवारी १६३७ मध्ये मारे नाट्यगृहात ‘ल सीद’चा प्रयोग झाला. गीयेन दे कास्त्रो या स्पॅनिश नाटककाराच्या कृतीवर ते आधारलेले होते. पित्याच्या अपमानाचा सूड म्हणून रोद्रीग हा आपल्या प्रेयसीच्या, म्हणजे शिमेनच्या, पित्याला द्वंद्वात ठार करतो. शिमेन राजाकडे त्याच्या शिरच्छेदाची मागणी करते, पण तिचे प्रेम आटत नाही. पॅरिसच्या प्रेक्षकांनी हे नाटक डोक्यावर घेतले.

यशाने कोर्नेय यांना थोडा गर्वही चढला असावा. आपली कीर्ती केवळ आपल्याच कर्तृत्वाची आहे, अशा आशयाची कविता त्यांनी प्रसिद्ध केली आणि समव्यवसायी दुखावले. झाँ मेरे यांनी वाङ्मयचौर्याचा आरोप केला. जॉर्ज द स्क्यूदेरी यांनी तर सविस्तर टीकाग्रंथच लिहिला : विषय निरर्थक, नियमांचा भंग, पद्यरचना सदोष आणि जे चांगले ते उसने. दोन द्वंद्वे आणि मूर लोकांशी लढाई एवढे सारे एकाच दिवसात घडते, हा आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. उत्तर-प्रत्युत्तरांच्या पुस्तिकांचा पाऊस पडला.

स्क्यूदेरी यांनी हा तंटा नव्यानेच स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीपुढे नेला. लेखकाच्या संमतीशिवाय त्याच्या कृतीचा न्याय करण्यास अकादमीचे नियम आड येत होते. परंतु रिशेल्यू यांची इच्छा असल्याने कोर्नेय यांना नाखुशीने मान डोलवावी लागली. प्रामुख्याने शाप्लँ यांनी लिहिलेला निर्णय वर्षअखेरीस प्रसिद्ध झाला. स्क्यूदेरी यांचे काही आक्षेप त्यात फेटाळले होते, पण पित्याचा वध करणाऱ्याशी कन्येचा विवाह सूचित करणे औचित्याला सोडून आहे, असा ठपका कायम राहिला. इतिहासात असे घडले असले तरी रंगभूमीला ते शोभत नाही, अशी ही भूमिका होती. नाटकाचा न्याय प्रेक्षकांनी करायचा की पंडितांनी, हा प्रश्न यामुळे फ्रान्समध्ये प्रथमच एवढ्या उघडपणे चर्चिला गेला. प्रेक्षकांनी मात्र आपले मत बदलले नाही.

उत्तरायुष्य

त्यानंतर सुमारे तीन वर्षे कोर्नेय यांचे एकही नवे नाटक आले नाही. १६४० मध्ये त्यांनी ‘ओरास’ लिहिले व ते रिशेल्यू यांनाच अर्पण केले. हे नाटक नियमांना बरेच धरून आहे. ‘सिन्ना’ व ‘पोल्यक्त’ ही नाटके त्यामागोमाग आली. दोनदा डावलले गेल्यावर १६४७ मध्ये ते अकादमीचे सदस्य झाले. ‘पेर्तारीत’च्या अपयशानंतर त्यांनी काही वर्षे नाट्यलेखन सोडले. १६६० च्या संग्रहात तीन प्रबंध व प्रत्येक नाटकाचे परीक्षण जोडून त्यांनी टीकाकारांना शांतपणे उत्तर दिले; नाटकाचे पहिले प्रयोजन रंजन हेच आहे, हे त्यांचे म्हणणे तेथे स्पष्ट दिसते.

१६७० मध्ये त्यांचा सामना तरुण झाँ रासीन यांच्याशी झाला. एकाच विषयावरील दोघांची नाटके आठवड्याच्या अंतराने रंगभूमीवर आली आणि लोकांनी रासीन यांच्या ‘बेरेनिस’ला पसंती दिली. ज्या प्रेक्षकांच्या बळावर कोर्नेय पंडितांपुढे टिकले, त्यांनीच आता पाठ फिरवली होती. ‘स्यूरेना’ (१६७४) हे त्यांचे अखेरचे नाटक.

त्यांच्या निधनानंतर अकादमीतील त्यांची जागा धाकटे बंधू तोमा कोर्नेय यांना मिळाली. जानेवारी १६८५ मध्ये त्यांच्या स्वागताचे भाषण करताना रासीन यांनी दिवंगत प्रतिस्पर्ध्याचा मुक्तकंठाने गौरव केला.