बद्रुद्दीन अद-दमामिनी

बद्रुद्दीन मुहम्मद बिन अबू बक्र अद-दमामिनी (जन्म : इ.स. १३६२, अलेक्झांड्रिया, इजिप्त. मृत्यू : इ.स. १४२४, गुलबर्गा) हे अरबी व्याकरणकार, कवी आणि मालिकी पंथाचे धर्मशास्त्रज्ञ होते. त्यांचे महत्त्वाचे व्याकरणलेखन भारतात झाले.

जीवन

अलेक्झांड्रिया व कैरो येथे त्यांचे शिक्षण झाले. इब्न खल्दून यांच्याकडेही ते शिकले. अल-अझहरमध्ये त्यांनी व्याकरण शिकवले. पुढे त्यांनी विणकामाचा मोठा व्यवसाय उभारला. आगीत तो नष्ट झाला आणि डोक्यावर कर्ज राहिले. ते दक्षिण इजिप्तकडे निघून गेले, परंतु सावकारांनी पाठलाग करून त्यांना कैरोत परत आणले. भिवंडीच्या मागवाल्यांना हा प्रसंग परका वाटू नये. स्नेह्यांच्या मदतीने ते सावरले. हजनंतर येमेनमधील झबीद येथे त्यांनी सुमारे वर्षभर अध्यापन केले, तेथेही जम न बसल्याने ते समुद्रमार्गे खंभातला उतरले (इ.स. १४१७). गुजरातचा सुलतान अहमद शाह याने त्यांना आश्रय दिला. अखेरीस ते बहमनी राज्यातील गुलबर्ग्यास (आजचे कलबुर्गी) आले व तेथेच वारले. विषप्रयोगाने मृत्यू झाल्याचे काही चरित्रकार सांगतात.

व्याकरणकार्य

इब्न मालिक यांच्या 'तस्हील'वर त्यांनी भाष्य लिहिले. इब्न हिशाम यांच्या 'मुग्नी अल-लबीब'वरील भाष्याला त्यांनी 'तुहफत अल-गरीब', म्हणजे परक्याची भेट, असे नाव दिले.

'मुग्नी'त अव्ययांचा विचार विस्ताराने येतो. भूतकाळातील क्रिया नाकारणारी अव्यये त्यांपैकीच होत. 'कतब' म्हणजे त्याने लिहिले; त्याआधी 'मा' ठेवल्यास 'मा कतब', त्याने लिहिले नाही. 'लम' मात्र भूतकाळी रूपाला लागत नाही. ते वर्तमान-भविष्यदर्शक 'यक्तुबु' या रूपाआधी येते, त्याचा अंत्य स्वर घालवते आणि अर्थ भूतकाळात नेते : 'लम यक्तुब'. 'लम्मा यक्तुब' म्हटल्यास नकार बोलण्याच्या क्षणापर्यंत टिकून राहतो व क्रिया पुढे घडण्याची अपेक्षाही सहसा असते. मराठीत कर्ज 'फेडले नाही' आणि 'अजून फेडलेले नाही' यांत जो भेद आहे, साधारण तसाच हा. सावकारांचा अनुभव घेतलेल्या दमामिनींना तो समजावून सांगण्याची गरज नव्हती.

इब्न हिशाम यांचा अधिकार मोठा असूनही दमामिनींनी त्यांच्या विधानांवर अनेक ठिकाणी आक्षेप घेतले. त्यांना अश-शुमुन्नी या इजिप्शियन विद्वानाने 'अल-मुन्सिफ' या ग्रंथात उत्तरे दिली. पुढे कैरोत 'अल-मुन्सिफ' छापला गेला, तेव्हा त्याच्या समासात दमामिनींचे भाष्यही देण्यात आले.